रस्त्याच्या रेषेत आलेले जुने चर्च

प्रश्न : सोलापुरातील आमच्या मंडळीचे काळ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले, शंभर वर्षांहून जुने चर्च विकास आराखड्यातील रस्तारुंदीच्या रेषेत आले आहे. इमारत जशीच्या तशी मागे सरकवता येईल, असे काही जण म्हणतात. धार्मिक इमारतीला सरकारी पैसा मिळूच शकत नाही, असे इतर सांगतात. महानगरपालिकेकडे आम्ही नेमके काय मागावे?

उत्तर : इमारत हलवण्याआधी रस्त्याची रेषा हलवण्याची मागणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 22 नुसार ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तूंचे जतन हा विकास आराखड्याचाच विषय आहे. मंजूर आराखड्यातही, त्याचे मूळ स्वरूप बदलत नसेल तर, कलम 37 खाली हरकती व सूचना मागवून आणि शासनाची मंजुरी घेऊन किरकोळ फेरबदल करता येतो. चर्चपाशी रेषा काही मीटर वळवून घेण्याचा प्रस्ताव याच वाटेने महासभेपुढे जावा, यासाठी प्रयत्न करावा. वास्तूचा समावेश वारसा यादीत व्हावा, असा अर्जही त्यासोबतच द्यावा.

आता पैशाविषयी. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, एवढेच संविधानाचा अनुच्छेद 27 सांगतो. हज अनुदानासंबंधीच्या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, कराचा मोठा हिस्सा एखाद्या धर्मासाठी वापरला गेला तर या अनुच्छेदाचा भंग होईल, असा त्याचा अर्थ लावला. म्हणजे सरकारी पैसा मिळूच शकत नाही, हे म्हणणे बरोबर नाही. तरीही अनुदानाच्या मागणीवर मी भर देणार नाही. सोलापूर महानगरपालिकेची जुनी वास्तू इंद्रभुवन ही पालिकेच्या स्वतःच्या मालकीची असल्याने तिच्यावर खर्च करताना पालिकेला असा प्रश्न पडत नाही. तुमची इमारत ट्रस्टची आहे, आणि खासदार निधी तर प्रार्थनास्थळांच्या कामांना नियमानेच बंद आहे. परंतु रस्त्यासाठी जागा गेल्यास मिळणारा मोबदला हे अनुदान नव्हे, तो तुमचा हक्क आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम 126 खाली तो एफएसआय (उरलेल्या जागेवर वाढीव बांधकामाचा हक्क) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) यांच्या रूपात घेता येतो, आणि 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे जमिनीबरोबर तिच्यावरील बांधकामाचेही मूल्य धरावे लागते. दगड उतरवणे, वाहून नेणे आणि पुन्हा रचणे यांचा खर्च रस्त्याच्या प्रकल्पखर्चातच धरावा, अशी लेखी मागणी मात्र अवश्य करावी. ज्याच्या कामासाठी इमारत जागा सोडते त्यानेच भार उचलावा, हे मला न्याय्य वाटते, आणि परदेशात तसे घडलेलेही आहे. जर्मनीतील होयर्सडॉर्फ गावचे दगडी एमाउस चर्च 2007 साली कोळशाच्या खाणीसाठी सुमारे 12 किलोमीटरवरील बोर्ना येथे नेले गेले, तेव्हा खर्च खाणकंपनीने केला. स्वीडनमधील किरुना येथील 672 टनांचे चर्च ऑगस्ट 2025 मध्ये सुमारे 5 किलोमीटर हलले, तेव्हाही खाणकंपनीनेच केला.

किरुनाचे चर्च लाकडी आहे, हे मात्र विसरू नये. चुन्यातील दगडी भिंत वजन उत्तम पेलते, पण ताण सोसत नाही. अख्खी इमारत सरकवायची तर पायाच्या पातळीवर खालून तुळयांची भक्कम चौकट घालावी लागते, भिंती आतून-बाहेरून जखडाव्या लागतात, आणि घरे जॅकवर उचलणाऱ्या नेहमीच्या ठेकेदारावर हे काम सोपवणे मला धोक्याचे वाटते. तुमच्या इमारतीला दगड उतरवून पुन्हा रचण्याची पद्धत अधिक मानवेल, असा माझा कल आहे. श्रीशैलम धरणाच्या बुडीत क्षेत्रातील कूडली संगमचे संगमेश्वर मंदिर असेच उतरवून आलमपूर येथे पुन्हा उभारले गेले. चुना मऊ असल्याने दगड अखंड सुटतो. जेथे मागाहून दगडांमधील दर्जे (सांधे) सिमेंटने भरले असतील, तेथे तो फुटण्याची भीती आहे, म्हणून एवढी पाहणी आधी करून घ्यावी. प्रत्येक दगडावर थर आणि क्रमांक घालावा, पुनर्रचनाही चुन्यातच करावी. नवा पाया आपल्याकडच्या काळ्या मातीत थांबता कामा नये. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर ठेवलेली दगडी भिंत काही वर्षांतच तडकते. मुरूम किंवा पक्का खडक लागेपर्यंत खोदकाम न्यावे.

नवी जागा भुईकोट किल्ल्याच्या 100 मीटरच्या आत नसावी, कारण केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती तेवढ्या अंतरात नव्या बांधकामास मनाई आहे. मिळकत ट्रस्टची असल्याने अदलाबदल अथवा विक्री करण्यापूर्वी, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 प्रमाणे, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागेल. ती मिळण्यास वेळ लागतो, तेव्हा पालिकेच्या उत्तराची वाट पाहत बसू नये.

वास्तूचे मोजणीचे नकाशे, भिंतीगणिक छायाचित्रे आणि कोनशिला, घंटा, स्मृतिफलक यांची यादी आताच तयार करावी. रेषा वळली तर याच कागदांवर वारसा यादीचा प्रस्ताव उभा राहील, आणि न वळली तर गवंडी याच कागदांवरून भिंत रचेल.