आधी त्या काढलेल्या सीटा ताब्यात घ्या

प्रश्न : मी परभणीचा निवृत्त शिक्षक. नांदेडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून बारा सीटची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर साडेचार लाखांत घेतली. बाँडवर लिखापढी झाली, आरसी अजून त्याच्याच नावावर आहे. सीटा काढून पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायला एका बॉडीवाल्याला सव्वा लाख दिले. ‘पासिंगचं मी बघतो’ म्हणाला होता, आता म्हणतो आरटीओत होत नाही. पैसे परत मिळतील का? गाडी अशीच चालवली तर?

उत्तर : सर, अशीच चालवू नका. आणि हे वाचून झालं की पहिला फोन बॉडीवाल्याला करा : काढलेल्या सीटा भंगारात गेल्या का? गेल्या नसतील तर आजच घरी आणा. त्यांच्याशिवाय पुढचं एकही काम होणार नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत लिहिलंय त्याहून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचं एक वेळ सोडा. उद्या आतल्या वायरिंगने पेट घेतला, तर कळवलेलंच नाही अशा बदलावर बोट ठेवून विमा कंपनी हात झटकेल.

मला जास्त काळजी आरसीची आहे. बाँडवर कितीही सह्या असोत, कायद्याच्या लेखी मालक आरसीवरचाच. त्याचे हप्ते थकले असतील तर फायनान्सवाला गाडी तुमच्या दारातून उचलेल. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद), टॅक्स, फिटनेस आणि चलनं पाहून घ्या. बोजा असेल तर फायनान्स कंपनीची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागेल. मग सीटा परत बसवा, जुन्या मालकाकडून परमिट सरेंडर करून घ्या आणि फॉर्म २९ व ३० भरून नावावर करा. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. तुमचे ते दिवस उलटले असतील तर दंड भरून मोकळे व्हा.

आता सव्वा लाख. बॉडीवाल्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या, नाही ऐकलं तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. तो म्हणेल, ‘बेकायदा काम यांनीच सांगितलं.’ म्हणून नोटिशीचा सगळा जोर त्याने पासिंगची हमी दिली होती यावर हवा. व्हॉट्सॲपवर ते वाक्य असेल तर डिलीट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडून ते पुराव्यात देता येतं. हमी नुसती तोंडी असेल तर मात्र सगळे पैसे परत मिळतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

राहिली हौस. मोटर कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, हा कायद्यात वेगळाच वर्ग आहे. बसायची जागा, टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची जागा हे सगळं त्यात लागतं. त्याचं तांत्रिक मानक एआयएस-१२४. मंजुरी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेतून तपासणी झाल्यावर मिळते, आणि एका गाडीसाठी तो खटाटोप कुणाला परवडत नाही. राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, घरगुती बदलाला त्यातून सूट मिळत नाही. त्यामुळे स्वस्तात हवी असेल तर ज्या गाडीच्या आरसीवर आधीच ‘मोटर कॅराव्हॅन’ लिहिलंय तीच जुनी शोधा. किंवा आहे त्या गाडीत सीटा ठेवून गादीची वळकटी, पाण्याचा जार, उतरवून बाहेर मांडायची शेगडी एवढंच न्या. वेल्डिंग नाही, नटबोल्ट नाही. तसंही मे महिन्यात परभणीच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात झोप कशी लागेल ते तुम्हीच जाणे. औंढा नागनाथाला भक्तनिवास आहे.