एकाच माणसाच्या दोन जबान्या

प्रश्न: अमेरिकेच्या यादवी युद्धावर (१८६१ ते ६५) पाठोपाठ दोन पुस्तकं वाचली आणि डोक्याचा पार भुगा झाला. एक म्हणतं युद्ध गुलामगिरीमुळे झालं, दुसरं म्हणतं छे, राज्यांचे हक्क आणि आयातकर. दीडशेच्या वर वर्षं होऊन गेली तरी इतिहासकारांना एक कारण ठरवता येत नाही म्हणजे काय?

उत्तर: ठरलंय हो, बरंचसं ठरलंय! दक्षिणेकडची राज्यं देशातून फुटली ती गुलामगिरी टिकवायला, यावर आज अभ्यासकांमध्ये फारसा वाद राहिलेला नाही, आणि याला कारण म्हणजे फुटणाऱ्यांनी स्वतःच ते लिहून ठेवलंय. साउथ कॅरोलिना २० डिसेंबर १८६० ला बाहेर पडलं आणि चारच दिवसांत जाहीरनामा काढला. त्यातली मोठी तक्रार काय, तर आमचे पळून गेलेले गुलाम उत्तरेतली राज्यं पकडून परत देत नाहीत! म्हणजे बघा, उत्तरेतली राज्यं आपापले कायदे करून अडवणूक करत होती आणि राग आला होता दक्षिणेला, आता यात राज्यांचे हक्क नेमके कोण वापरत होतं? आयातकराचं म्हणाल तर तेव्हा लागू असलेला १८५७ चा कर चांगला कमी होता, जास्तीच्या कराचा कायदा झाला मार्च १८६१ मध्ये, तोवर सात राज्यं निघूनही गेली होती.

मग दुसरं कारण आलं कुठून? इथे अलेक्झांडर स्टीफन्स हा माणूस बघण्यासारखा आहे. हा दक्षिणेच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष. मार्च १८६१ मध्ये सव्हाना शहरात भर सभेत बोलला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था, याच पायाच्या दगडावर आमचं सरकार उभं आहे. युद्ध हरले, आणि मग याच गृहस्थांनी जाडजूड दोन खंड लिहून सांगितलं की भांडण होतं केंद्राची सत्ता मोठी की राज्यांची, याचं. माणूस तोच, फक्त मधे पराभव झालाय. मी तरी अशा वेळी आधी कागदावरची तारीख बघतो.

आता इतिहासकार काही हवेत बसून लिहीत नाहीत, त्यांच्या काळाचं वारं त्यांनाही लागतं. १९२७ मध्ये चार्ल्स आणि मेरी बिअर्ड या जोडप्याने सगळं अर्थकारणावर नेलं, उत्तरेचे कारखानदार विरुद्ध दक्षिणेचे मळेवाले. पहिल्या महायुद्धाचा वीट आलेल्या पिढीतले जेम्स रँडल वगैरे म्हणाले की युद्ध टाळता आलं असतं, पुढाऱ्यांची ती पिढीच घोडचुका करणारी निघाली. (मला हे वाचताना नेहमी वाटतं की जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम असताना ‘टाळता आलं असतं’ हे कोणाच्या सोयीचं?) नंतर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली आणि गुलामगिरी परत मधोमध आली.

आजचं खरं भांडण वेगळ्या जागी आहे. राज्यं का फुटली हा एक प्रश्न, फुटली म्हणून लढाई का झाली हा दुसरा, आणि लोक हे दोन्ही एकात कालवतात. राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्यांना जाऊ का दिलं नाही? गुलामगिरीच्या भांडणावर १८५० मध्ये तडजोड जमली ती दहा वर्षांनी का जमली नाही? दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता, ती पोरं मग कशासाठी मरायला गेली? व्हर्जिनिया धरून चार राज्यं तर फोर्ट समटर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्यावर आणि लिंकनने ७५,००० सैनिक मागितल्यावर बाहेर पडली, त्यांचं काय? यावर अजून मस्त जुंपते.

प्रश्न: म्हणजे उत्तरेकडची राज्यं पहिल्यापासून गुलामांच्या सुटकेसाठीच लढली ना?

उत्तर: नाही ना. लिंकन १८६१ च्या पहिल्याच भाषणात म्हणाला होता की जिथे गुलामगिरी आहे तिथे मी हात लावणार नाही, लढाई सुरू झाली ती देश एकसंध ठेवायला. मुक्तीचा जाहीरनामा आला १ जानेवारी १८६३ ला, तोही फक्त बंडखोर भागापुरता. केंटकी आणि डेलावेअर उत्तरेच्याच बाजूला होती, तिथे उरलेले गुलाम कायद्याने सुटले ते थेट डिसेंबर १८६५ मध्ये, लढाई संपून काही महिने झाल्यावर.