व्हिक्टोरियन कादंबऱ्यांत क्रूर सरदार नवराच खलनायक का? आणि बायको त्याला सोडून का जात नाही?

‘सोडून का जात नाही’ म्हटलं की चर्चा लगेच बाईच्या मुळूमुळू स्वभावावर घसरते. स्वभाव राहू द्या, आधी कागद बघा.

विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ (१८५९-६०) घ्या. नायिका लॉराचे स्वतःचे २०,००० पौंड. लग्नाआधीच्या करारात तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा, सर पर्सिव्हलचा, वकील कलम घालायला लावतो: मूलबाळ नसताना ती आधी गेली, तर मुद्दल नवऱ्याला. तिचा वकील गिलमोर परोपरीने विरोध करतो, पण पालक असलेले काका स्वतःच्या दुखण्यांपलीकडे बघतच नाहीत. झालं, लॉरा जिवंतपेक्षा मेलेली फायद्याची ठरली.

आता ग्रंथालयातला प्रसंग. पर्सिव्हल कपाटातून चर्मपत्राचा दस्त काढतो आणि फक्त शेवटची घडी उघडतो. सहीपुरती जागा दिसते, मजकूर आत. साक्षीदार हजर. लॉरा म्हणते, वाचल्याशिवाय सही करणार नाही, आणि साहेब बिथरतात. तिच्या सहीची एवढी गरज का? करारामुळे. करार नसता तर विचारायचंही कारण नव्हतं. लग्न लागताच बायकोची रोकड, दागिने नवऱ्याचेच.

राहिलं सोडून जाणं. कथा घडते १८४९-५० मध्ये, घटस्फोटाचं न्यायालय सुरू झालं १८५८ ला. त्याआधी एकेका जोडप्यासाठी संसदेत स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. नंतरही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे. बायकोला व्यभिचार दाखवून वर क्रौर्य किंवा परित्यागासारखं आणखी काही सिद्ध करावं लागे. मिळकतीवर पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने. इथे नाक मुरडणाऱ्यांनी रखमाबाईंचा खटला आठवावा: नवऱ्याकडे न गेल्याबद्दलची कैद इंग्लंडने १८८४ मध्ये रद्द केली, मुंबईच्या हायकोर्टाने १८८७ मध्ये त्यांना सुनावलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद.

मारझोड शोधू नका. जॉर्ज इलियटच्या ‘डॅनियल डेरोंडा’तला नवरा ग्रँडकोर्ट आवाजही चढवत नाही. रखेलीने शापाच्या चिठ्ठीसकट धाडलेले हिरे बायकोला अंगावर घालायला लावतो, बस.

सरदारच का? पदवीच्या जोडीला कर्ज असलं की श्रीमंत बायको लागते, हे एक कारण. तसा पर्सिव्हल नुसता बॅरोनेट, म्हणजे वडिलोपार्जित ‘सर’. बॅरोनेट म्हणजे उमराव नव्हे, उमरावांच्या सभागृहात त्याला जागा नसते. त्याची तर तीही पदवी खोटी. आईबापांचं न झालेलं लग्न त्याने चर्चच्या नोंदवहीत मागाहून घुसडलेलं. (कादंबरी वाचायची असेल तर माफ करा, हे आधी सांगायला हवं होतं.)