पोरं लहान असताना देवाधर्माचं कसं जमवायचं

अगं, आधी ते पहाटे उठून तासभर पूजा करायचं डोक्यातून काढ बघू. थोरलीची स्कूलबस, टिफिन, धाकटा कडेवर आणि त्यात सोवळ्यातला नैवेद्य, कोणालाच जमत नाही ते, जे सांगतात त्यांच्या घरात हाताखाली चार बायका होत्या. सकाळी दिवा नि एक जास्वंद, बस. खरी वेळ दिवेलागणीची, पोरं घरातच असतात आणि किरकिरत पण असतात, तेव्हा टीव्ही बंद करायचा, तुळशीकडे पणती लावायची, शुभंकरोती म्हणायचं, थोरली म्हणेल, धाकटा नुसत्या टाळ्या वाजवेल, चालतं. पणती मात्र त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेव.

मंगेशीला, आपल्या गोव्यातल्या मंगेशाच्या देवळात, सोमवारी पालखी असते खरी पण गर्दी किती, आणि रात्री पोरं पेंगतात. त्यापेक्षा मधल्या वारी सकाळी जा, आंगण मोकळं असतं, धावू दे त्यांना. (एखादी मावशी डोळे वटारतेच, दुर्लक्ष कर.)

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळं एकटीने ओढू नकोस. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची ती फळापानांची चौकट, बांधायचं काम नवऱ्याला नि दिराला, आणि पोरांनी खालून नारळ, सुपारीचा घोस, तोरिंग (ते मोठं लिंबासारखं फळ) एकेक नाव घेत वर द्यायचं, असंच तर शिकतात. पातोळ्या ज्यात वाफवतो ती हळदीची पानं थोरली पुसेल.

आणि हो, अंगावर पाजतेयस तोवर हरताळकेला निर्जळी वगैरे अजिबात नाही हं, दूध, फळं, शहाळं घे, सासूबाईंशी मी बोलते हवं तर.