आधी गाव सापडू द्या, पोलंड नंतर

तुमच्या सुनेचे पणजोबा आल्बर्ट शिकागोतल्या १९१०च्या जनगणनेत 'रशिया'त जन्मलेले आहेत आणि १९२०च्या जनगणनेत 'पोलंड'मध्ये. म्हणून ही दोन वेगळी माणसं असतील, अशी तुमची शंका आहे. पण माणूस एकच असू शकतो. १७९५पासून १९१८पर्यंत स्वतंत्र पोलंड नव्हताच, त्याचा मुलूख रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतला होता. 'रशिया' या एका शब्दाने तुमचा दोन तृतीयांश शोध वाचवला आहे.

पण जहाजाच्या प्रवासी यादीत 'आल्बर्ट' शोधू नका. वोइचेख नावाची माणसं अमेरिकेत सर्रास आल्बर्ट किंवा जॉर्ज झाली, स्तानिस्वावचा स्टॅन्ली झाला, चेस्वावचा चेस्टर. एका मैत्रिणीच्या आजोबांसाठी मी आठ महिने 'आल्बर्ट' शोधत होते. वोइचेख टाकल्यावर ते एका संध्याकाळी सापडले. न्यूयॉर्कजवळच्या, बोटीने येणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या एलिस बेटावरच्या कारकुनाने नाव बदललं, असं घरोघरी सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. याद्या जहाज सुटायच्या आधीच, ब्रेमेन किंवा हॅम्बुर्गसारख्या बंदरात तयार व्हायच्या. नावं लोकांनी अमेरिकेत रुळताना बदलली.

आता १९२०च्या जनगणनेत नागरिकत्वाचा रकाना बघा. 'एनए' असेल तर ते नागरिक झाले होते, 'पीए' असेल तर नागरिकत्वासाठीचा पहिला अर्ज भरला होता. तो अर्ज मिळवाच. सप्टेंबर १९०६नंतरच्या अर्जांत जन्मतारीख, जन्मगाव, जहाज, उतरल्याची तारीख असं सगळं विचारलेलं असतं. पणजीबाईंचा वेगळा अर्ज सापडला नाही तर खट्टू होऊ नका. १९२२पर्यंत नवऱ्याबरोबर बायकोही आपोआप नागरिक व्हायची.

गावाचं नाव मात्र इंग्रजी कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. म्हणून मला चर्चची लग्नाची वही जास्त भरवशाची वाटते. शिकागोतल्या सेंट स्तानिस्लॉस कोस्तकासारख्या पोलिश चर्चमधल्या पाद्रींना ती गावं माहीत असत, स्पेलिंगही येत असे. तरीही डोंब्रोवा नावाची गावं पोलंडात ढिगाने आहेत, तेव्हा जवळचं चर्च किंवा तालुका कळल्याशिवाय तिकडच्या दप्तरात हात घालू नका. रशियन ताब्यातल्या भागात १८६८पासून नोंदी रशियनमध्ये आहेत आणि एकाच जन्माच्या दोन तारखा दिसतील, जुन्या आणि नव्या पंचांगाप्रमाणे.

नागरिकत्वाच्या रकान्यात काय लिहिलंय आणि अमेरिकेत आल्याचं वर्ष कोणतं दिलंय, ते कळवा. नोंदी मागण्याचा अर्ज कुठे करायचा ते त्यावरून सांगते.