सहावीतल्या मुलीकडून पैशांच्या हिशेबाचा सराव कसा करून घ्यावा?

वही बाजूला ठेवा आणि तिच्या हातात शंभराची खरी नोट देऊन तिला भाजी आणायला न्या. भेंडी ८० रुपये किलो, मग अर्ध्याचे ४०, पाव किलोचे २०. कांदे ३० रुपये किलो, दीड किलोचे ३० आणि १५, म्हणजे ४५. पाव किलो भेंडी आणि दीड किलो कांदे मिळून झाले ६५. आता वजाबाकी मांडायला लावू नका, भाजीवाल्या मावशींसारखं पुढे मोजू द्या: ६५ वर ५ ठेवले की ७०, त्यावर ३० ठेवले की १००. परत आले ३५. हातच्याला अडणाऱ्या मुलांनाही हे पटकन उमगतं. हल्ली यूपीआयमुळे सुटे पैसे मुलांच्या हाती येतच नाहीत, म्हणून निदान महिनाभर रोखीनेच घ्या. आणि चुकली तर लगेच उत्तर सांगू नका हो, नाणी तिलाच पुन्हा मोजू द्या.