फॉर्मल लॉजिकने सिक्युरिटी प्रोटोकॉल तपासणं फक्त पेपर छापण्यापुरतंच असतं का?

"प्रूव्हेरिफ, टॅमरिन ही पेपर छापायची खेळणी, इंडस्ट्रीत कोण विचारतंय, प्रोजेक्टला दुसरं काहीतरी घे," असं तुमचे गाईड म्हणाले म्हणे. (ही दोन्ही, प्रोटोकॉलमध्ये म्हणजे मशीनांच्या ठरलेल्या संवादात पळवाट आहे का हे तर्काने तपासणारी सॉफ्टवेअर.) हेच मी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका ऑफिसात माझ्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहितोय.

आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचो. पिग्मी एजंट दुकानादुकानांतून पैसे गोळा करतो, त्याच्या हातातल्या मशीनने संस्थेच्या सर्व्हरशी ओळख पटवायची आणि सेशन की, म्हणजे त्या संभाषणापुरती गुप्त किल्ली, ठरवायची, एवढंच काम. डिझाइन साहेबांचं. मशीन आपलं नाव आणि एक रँडम नंबर सर्व्हरच्या पब्लिक कीने (बंद कोणीही करावं, उघडायची खाजगी की फक्त सर्व्हरकडे) एन्क्रिप्ट करून पाठवणार. सर्व्हर तो नंबर आणि स्वतःचा एक नंबर मशीनच्या कीने एन्क्रिप्ट करून परत देणार. मशीन सर्व्हरचा नंबर सर्व्हरच्या कीने एन्क्रिप्ट करून उलट पाठवणार. झाली ओळख, दोन नंबरांतून की तयार. विषय शिकलेल्याला कळलंच असेल, हा नीडहॅम आणि श्रोडर यांचा १९७८ चा प्रोटोकॉल, नीडहॅम-श्रोडर.

आता सोलापुरात एकच एजंट दोन-दोन संस्थांची पिग्मी गोळा करतो हे सगळ्यांना माहीत आहे. मशीन एक, की एक. मी हे प्रूव्हेरिफमध्ये लिहिलं आणि एका संस्थेची खाजगी की हल्लेखोराच्या हातात दिली. स्क्रीनवर उत्तर आलं, 'इज फॉल्स', आणि खाली हल्ला पायरीपायरीने. एजंट 'अ' संस्थेशी सरळपणे बोलायला लागतो. 'अ'मधला लबाड ऑपरेटर तो मेसेज उघडून 'ब'च्या कीने पुन्हा एन्क्रिप्ट करतो आणि 'ब'ला पाठवतो. 'ब'चं उत्तर एजंटच्या कीत बंद, ते त्याला उघडता येत नाही. पण उघडायचंय कशाला? तो ते जसंच्या तसं एजंटकडे ढकलतो. एजंट उघडतो आणि 'ब'चा नंबर इमानेइतबारे 'अ'च्या हवाली करतो. आता 'ब'च्या लेखी समोर एजंटच बसलाय, आणि त्याच्या नावाने पावत्या कोण टाकतंय? 'अ'चा ऑपरेटर. एन्क्रिप्शन कुठंच फुटलेलं नाही.

साहेब म्हणाले, "दोन हजार अठ्ठेचाळीस बिटची की आहे, कोण फोडणार? पेनटेस्ट झालंय. आणि सोलापुरात असलं कोण करतंय ओ?" (पेनटेस्ट म्हणजे सिस्टिमवर मुद्दाम हल्ला करून बघायची चाचणी.) दुरुस्ती काय होती? दुसऱ्या मेसेजमध्ये सर्व्हरचं नाव घालायचं, बास. पुढच्या व्हर्जनला बघू म्हणाले. पुढचं व्हर्जन आलं, त्यात बटणांचा रंग बदलला होता.

हा हल्ला माझा शोध नाही. गॅव्हिन लो यांनी तो १९९५ मध्ये दाखवला आणि पुढच्या वर्षी एफडीआर हे मॉडेल चेकर (सगळ्या शक्यता आपोआप चाळणारं टूल) लावून तपासला. म्हणजे सतरा वर्षं जगातल्या हुशार माणसांच्या नजरेखालून गेलेली चूक. मधे १९८९ मध्ये प्रोटोकॉल तर्काने तपासायचं बॅन लॉजिक आलं, त्याच्या तीन कर्त्यांत खुद्द नीडहॅम होते. त्यालाही हे भोक दिसलं नाही, कारण भाग घेणारे सगळे प्रामाणिक आहेत असं ते धरून चालायचं. उलट डोलेव्ह-याओ (१९८३) हे हल्लेखोराचं मॉडेल म्हणतं, अख्खं नेटवर्क हल्लेखोराचं. तो वाचेल, अडवेल, जुनं पुन्हा पाठवेल, तुकडे जोडून नवं बनवेल. फक्त की नसताना उघडू शकणार नाही. टूल्स यावरच चालतात.

इंडस्ट्री विचारत नाही? वेबसाइटशी होणारं बोलणं सुरक्षित ठेवणाऱ्या, २०१८ च्या टीएलएस १.३ चं डिझाइन चालू असतानाच त्याची मॉडेल्स टॅमरिन आणि प्रूव्हेरिफमध्ये तपासली जात होती. ईटीएच झुरिक या विद्यापीठाच्या लोकांनी कार्ड पेमेंटचं ईएमव्ही हे स्टँडर्ड टॅमरिनमध्ये मांडलं, तेव्हा व्हिसाच्या कॉन्टॅक्टलेस कार्डांवर पिन न टाकता मोठी रक्कम वळती करता येते हे निघालं. गाईडांना हे दाखवा.

हां, एक सांगायचं राहिलं. 'सिद्ध झालं' म्हणजे त्या मॉडेलपुरतं सिद्ध झालं. वायफायच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेतल्या हँडशेकची (ओळख पटवून की ठरवायच्या पायऱ्यांची) सिद्धता होती, तरी २०१७ मध्ये क्रॅक (KRACK) नावाचा हल्ला आलाच. तीच की पुन्हा बसवली तर नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) शून्यावर जातो, हे मॉडेलात नव्हतंच. ओपनएसएसएल लायब्ररीतलं गाजलेलं हार्टब्लीड तर कोडातली चूक, तिथं प्रोटोकॉलची सिद्धता काय करणार? शिवाय कितीही सेशन्स धरली तर प्रश्न अनिर्णेय आहे (प्रत्येक वेळी उत्तर देईल अशी पद्धतच असू शकत नाही), त्यामुळे प्रूव्हेरिफ कधी थांबतच नाही, कधी 'सिद्ध करता येत नाही' म्हणून हात वर करतं.

तरी प्रोजेक्ट हाच घ्या. आधी नीडहॅम-श्रोडर लिहा, हल्ला डोळ्यांनी बघा, नाव घाला, परत चालवा. मग रोजच्या वापरातलं एखादं ॲप उचला. व्हायवाला कोणी पेनटेस्टचा रिपोर्ट आपटला, तर विचारा, यात दोन संस्थांचं काम करणारा एजंट कुठल्या पानावर आहे? मला तेव्हा हे सुचलं नाही, आणि साहेबांनी मीटिंग संपवली.